विश्लेषण : सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’, तरी त्रास का थांबत नाही? मनाच्या आणि शरीराच्या आजारांची लक्षणे एकमेकांत का मिसळतात?

छातीत धडधडते म्हणून ईसीजी. पोट बिघडते म्हणून सोनोग्राफी. डोके जड राहते म्हणून सीटी स्कॅन. थकवा जात नाही म्हणून रक्ताच्या तपासण्या, त्यानंतर सलाईन आणि ‘ताकदीची’ इंजेक्शने. फाइल जाड होत जाते, प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते आणि त्रास मात्र तसाच राहतो. मग घरचे म्हणू लागतात, ‘‘काही झालेलं नाही, उगाच मनाचे खेळ आहेत.’’ महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या ओपीडीत असे रुग्ण रोज दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांना नैराश्य किंवा चिंतेचा विकार असतो आणि तो अंगातून बोलत असतो. याच्या अगदी उलटही घडते. थायरॉइडचा, मेंदूचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. या दोन्ही चुका होतात कशा, त्यांची किंमत काय आणि त्या टाळण्यासाठी कायदा व आरोग्य व्यवस्था कुठवर पोहोचली आहे, याविषयी.

हा प्रश्न आता चर्चेत का?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल दिला. मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात स्पष्ट केले आणि शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा, ही त्यांतली एक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३ हजार ४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये २२ हजार ७४६ मृत्यूंसह महाराष्ट्र सर्वांत वर होता.

याच आकडेवारीतील एका नोंदीकडे सहसा लक्ष जात नाही. आत्महत्येच्या कारणांत कौटुंबिक समस्यांनंतर दुसरा क्रमांक आजारपणाचा आहे. २०२२ मध्ये हे प्रमाण १८.४ टक्के होते आणि या एकाच रकान्यात शारीरिक व मानसिक असे दोन्ही आजार येतात. दुखणे शरीराचे की मनाचे, हा वाद त्या घरांसाठी केव्हाच निरर्थक ठरलेला असतो. ते वेळेत ओळखले गेले का आणि त्यावर उपचार मिळाले का, एवढाच प्रश्न उरतो.

लक्षण, आजार आणि त्रास यांत फरक काय?

लक्षण म्हणजे रुग्णाला जाणवणारी किंवा इतरांना दिसणारी खूण. ताप, खोकला, झोप न लागणे, रडू येणे, भास होणे ही सारी लक्षणे आहेत. एकाच लक्षणामागे अनेक आजार असू शकतात आणि एकाच आजाराची लक्षणे दोन माणसांत वेगवेगळी दिसू शकतात. थकवा रक्तक्षयाने येतो, मधुमेहाने येतो, क्षयरोगाने येतो आणि नैराश्यानेही येतो. त्यामुळे एका लक्षणावरून आजाराचे नाव ठरवता येत नाही.

शरीराच्या बहुतेक आजारांत निदानाला तपासणीचा आधार मिळतो. साखर मोजता येते, हाड मोडलेले एक्स-रेमध्ये दिसते. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी आज उपलब्ध नाही. त्याचा अर्थ हे आजार काल्पनिक आहेत असा मात्र नाही. अर्धशिशीचे निदानही रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांवरूनच होते आणि अर्धशिशीला कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत नाही.

मानसिक आजारांत डॉक्टर चार गोष्टी पाहतात : कोणकोणती लक्षणे एकत्र आली आहेत, ती किती दिवस टिकली आहेत, त्यामुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो आणि दुसरा शारीरिक आजार, औषध किंवा व्यसन हे त्यामागचे कारण नाही ना. मूल नापास झाल्यावर चार दिवस जेवण न जाणे हे दुःख आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतांश वेळ मन उदास असणे, कशातच रस न वाटणे आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता, उत्साह बिघडणे हे नैराश्याच्या आजाराचे लक्षण असू शकते.

मनाचा आजार अंगात का दिसतो?

जगभर प्राथमिक उपचार केंद्रांत जे दिसते, त्याचा मोठा पुरावा १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातील हा अभ्यास १४ देशांतील १५ केंद्रांत झाला आणि त्यांत बंगळूरु हेही एक केंद्र होते. नैराश्याच्या निकषांत बसणाऱ्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरांकडे येताना फक्त शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. ‘उदास वाटते’ असे त्यांनी आपणहून सांगितले नव्हते. मात्र नेमके विचारल्यावर त्यांतील बहुतेकांनी मनाची लक्षणेही सांगितली. म्हणजे लक्षणे होती, पण डॉक्टरांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणून रुग्णाने शरीराची तक्रार निवडली होती.

यामागचे पहिले कारण शरीरशास्त्रीय आहे. धोक्याची जाणीव झाली की मेंदू स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत शरीराला सज्ज करतो. ॲड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके व श्वास वेगवान होतात, स्नायू ताणले जातात, पचन मंदावते, तळहाताला घाम सुटतो. खरा धोका टळला की हे सारे शांत व्हायला हवे. चिंतेच्या विकारात धोक्याची ही घंटा कारण नसताना, किंवा कारणापेक्षा कितीतरी जास्त, वाजत राहते. श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यातून बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर आल्यासारखे होते. रुग्णाला वाटते, हा लकवाच. त्या भीतीने श्वास आणखी वाढतो. झोप, भूक, वेदना आणि मनःस्थिती यांचे नियमन करणारी मेंदूतील रसायने व मार्ग मोठ्या प्रमाणात सामायिक आहेत. म्हणूनच नैराश्यात सांधे व कंबर दुखते आणि नैराश्यावरील काही औषधे मज्जातंतूंच्या वेदनांवरही वापरली जातात.

दुसरे कारण भाषेचे आणि समाजाचे. मराठीत भावना सांगायला शरीराचेच शब्द पुढे येतात. जीव घाबरतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, अंगात त्राण राहत नाही. सासरी नांदणारी बाई ‘मन लागत नाही’ म्हणाली तर तिला समजूत किंवा बोल ऐकावे लागतात. ‘कंबर दुखते’ म्हणाली तर निदान दवाखान्यात नेले जाते. कर्जात बुडालेला शेतकरी ‘रडू येते’ म्हणत नाही, ‘पित्त झालंय, झोप येत नाही’ म्हणतो. पुरुषांत नैराश्य अनेकदा चिडचिड, रागाचा भडका आणि वाढलेली दारू या रूपांत दिसते, त्यामुळे ते आजार म्हणून ओळखलेच जात नाही.

मग ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ काय?

तपासलेल्या गोष्टींत बिघाड सापडला नाही, एवढाच. त्रास खोटा आहे असा नाही आणि तो मानसिकच आहे असाही नाही. आजारांच्या वर्गीकरणातही ही समज अलीकडे बदलली आहे. पूर्वी शारीरिक कारण न सापडणे हा एका मानसिक निदानाचा मुख्य निकष होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये आणलेल्या ‘डीएसएम-५’ने ती अट काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही वर्गवारी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिनेही हाच मार्ग घेतला. कारण सापडले नाही म्हणून आजार मानसिक ठरवायचा, हे तर्कालाच धरून नव्हते. आता पाहिले जाते ते त्रासाचे आयुष्यावरील ओझे. सतत त्याच लक्षणाचा विचार, वारंवार तपासण्या, धीर देऊनही न जाणारी धास्ती या खुणा असतील तर त्या धास्तीवरही उपचार हवेत. सोबत शरीराचा आजार असला, तरीही हवेत.

उलटी चूक : शरीराचा आजार मनाचा का भासतो?

मेंदू हा शरीराचाच अवयव असल्याने शरीरात काही बिघडले की मन बदलते. थायरॉइड मंदावला की उदासी, सुस्ती, विसरभोळेपणा येतो. तो जास्त चालला की धडधड, घाम, अस्वस्थता, म्हणजे हुबेहूब चिंतेच्या विकारासारखे चित्र. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हातापायांना मुंग्या येतात, स्मरणशक्ती व मनःस्थिती बिघडते. पार्किन्सनमध्ये हाताचा कंप दिसण्याच्या आधी नैराश्य येऊ शकते. स्टेरॉइडसारख्या औषधांनी काहींमध्ये अतिउत्साह किंवा भ्रम निर्माण होतो.

घरातील ज्येष्ठ माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर घरचे ‘म्हातारचळ’ म्हणतात. इथे वेळेचा हिशेब महत्त्वाचा. बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, दिवसभरात कमी-जास्त होत असेल, लक्ष एका जागी राहत नसेल, तर तो ‘डिलिरियम’ असण्याची शक्यता असते. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे आणि ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत हळूहळू वाढतो. नैराश्य आठवड्यांत येते. तिन्हींत माणूस ‘विसरायला लागला’ असे दिसते, पण उपचार पूर्ण वेगळे आहेत.

असाच दुसरा प्रसंग. रोज भरपूर दारू पिणारा माणूस अपघातात हाड मोडून रुग्णालयात दाखल होतो. दारू अचानक बंद होते. दोन-तीन दिवसांनी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात, माणूस नळ्या उपसू लागतो. ही ‘वेड’ लागल्याची खूण नसते, दारू एकदम तुटल्याने होणारा जिवावर बेतणारा विकार असतो. दाखल होताना व्यसनाची खरी माहिती डॉक्टरांना दिली असती, तर तो बहुतेकदा टाळता आला असता.

अमेरिकी पत्रकार सुझाना काहालन यांचे उदाहरण जगभर चर्चिले गेले. २००९ मध्ये, विशीत असताना, त्यांना संशय, भास आणि फिट्स येऊ लागल्या. आधी ताण, दारू, मनोविकार अशी कारणे सुचवली गेली. अखेरीस निदान झाले ते स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला करण्याच्या एका आजाराचे. हा आजार २००७ मध्येच ओळखला गेला होता. योग्य उपचारांनी त्या बऱ्या झाल्या. कमी वयात, अगदी काही आठवड्यांत सुरू झालेला मनोविकार, त्यासोबत फिट्स, ताप किंवा हालचालींतील विचित्र बदल असतील तर मेंदूची तपासणी झालीच पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

इतिहासातही दाखले आहेत. पोटातील अल्सर अनेक दशके ताण आणि चिडक्या स्वभावाच्या खात्यावर टाकला जात होता. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी त्यामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू दाखवून दिला आणि त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. आजही हृदयविकाराचा झटका आलेल्या स्त्रियांची गफलत होते. छातीतील कळीसोबत किंवा तिच्याऐवजी धाप, मळमळ, जबडा-पाठदुखी, कमालीचा थकवा अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात आणि ‘घाबरली असेल’ म्हणून मोलाचे तास निघून जातात.

मानसिक आजारांचे मुख्य प्रकार कोणते?

ढोबळमानाने पाच गट लक्षात ठेवता येतील.

पहिला गट मनःस्थितीच्या विकारांचा. नैराश्य आणि बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार यांत येतात. बायपोलरमध्ये नैराश्याच्या काळांखेरीज अतिउत्साहाचे काळ येतात. झोपेची गरजच भासत नाही, बोलणे थांबत नाही, पैसे उधळले जातात, मोठमोठ्या योजना आखल्या जातात. फक्त नैराश्याच्या काळात डॉक्टरांकडे गेलेल्या रुग्णाचा हा दुसरा ध्रुव विचारल्याशिवाय कळत नाही. आणि केवळ नैराश्याची गोळी दिली तर आजार उलट्या टोकाला जाऊ शकतो.

दुसरा गट चिंतेच्या विकारांचा. सततची काळजी, अचानक येणारा पॅनिक अटॅक, लोकांत वावरण्याची भीती हे त्यात येतात. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतो. मंत्रचळ, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे, नको असलेले विचार येत राहणे, हा याच्याच जवळचा पण स्वतंत्र मानलेला विकार आहे.

तिसरा गट सायकोसिसचा. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवते असा ठाम समज होणे, बोलण्यातील संगती तुटणे. स्किझोफ्रेनिया हा त्यातील प्रमुख आजार. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणजे स्किझोफ्रेनिया, हा हिंदी-मराठी चित्रपटांनी पक्का केलेला गैरसमज आहे. या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितके पुढचे आयुष्य सावरण्याची शक्यता अधिक.

चौथा गट व्यसनांचा आणि पाचवा मेंदूच्या वाढीशी व झिजेशी निगडित अवस्थांचा, म्हणजे एका टोकाला स्वमग्नता, एडीएचडी, अध्ययन अक्षमता आणि दुसऱ्या टोकाला स्मृतिभ्रंश. मतिमंदत्व म्हणून ओळखली जाणारी बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि त्यातही या दोन्हींची नोंद वेगवेगळी आहे.

‘बाहेरचं’ आहे की आजार?

अंगात येणे, बोलती बंद होणे, दातखिळी बसणे, एकाएकी हात लुळा पडणे अशा लक्षणांसाठी आधी देवऋषी गाठला जातो. यांतील काही प्रकार तीव्र मानसिक ताणातून उद्भवतात. त्यांत मज्जातंतूंना इजा नसते, पण मेंदूचा शरीरावरील ताबा तात्पुरता बिघडलेला असतो आणि रुग्ण नाटक करत नसतो. काही प्रकार मात्र खऱ्या अपस्माराचे असतात. घरच्यांनी झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना हा फरक करण्यास मोठी मदत करतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मरण पावले. त्यांना तिथे आणणारे त्यांचेच नातेवाईक होते आणि आपले माणूस बरे व्हावे, हीच त्यांची आशा होती. त्यामुळे श्रद्धेची टिंगल करून प्रश्न सुटत नाही. ‘देवाला जायचे तर जा, पण औषध बंद करू नका’ असे सांगणारा डॉक्टर किंवा आशाताई अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातली व्याख्या महत्त्वाची आहे. विचार, मनःस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतील अशी मोठी विकृती, जिच्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या गरजा भागवण्याची क्षमता गंभीरपणे बिघडते, ती म्हणजे मानसिक आजार. समाजाच्या नैतिक वा धार्मिक चौकटीत न बसणे हा आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असेही कायदा बजावतो.

मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागवावे, हे कलम २१ चे सूत्र. त्याच कलमाने विमा कंपन्यांना दोन्ही आजारांसाठी समान आधारावर विमा देणे बंधनकारक केले. प्रत्यक्षात आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देतो, तर बहुतेक मानसिक आजारांचे उपचार दाखल न होता चालतात. महिन्याच्या गोळ्या आणि समुपदेशनाचा खर्च त्यामुळे खिशातूनच जातो.

रुग्णाला साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे झटके देणे यांवर या कायद्याने बंदी आणली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा होऊ नये, अशीही तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडविधानातील ‘कलम ३०९’ उरलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला असा प्रयत्न मात्र अजूनही गुन्हा आहे.

व्यवस्था कुठे कमी पडते?

‘निम्हान्स’ या बंगळूरुच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक आजार होता. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आत्महत्यांच्या संख्येत वर असलेल्या राज्याचे चित्र त्या सर्वेक्षणातून थेट मिळतच नाही. सर्वेक्षणाचा दुसरा टप्पा ‘निम्हान्स’ने हाती घेतला आहे.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवल्याप्रमाणे देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत. अपेक्षित प्रमाण ३ आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्था आहे. मराठवाड्यातल्या किंवा गडचिरोलीतल्या रुग्णासाठी ही ठिकाणे किती लांब आहेत, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची रचना झाली. तज्ज्ञ कमी असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविका यांनी लक्षणे ओळखावीत, सोपे उपचार करावेत आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवावा, ही त्यामागची कल्पना. ती योग्य आहे, पण शंभर रुग्णांची रांग समोर असताना ‘झोप कशी आहे, मन कशात लागते का’ हे दोन प्रश्न विचारण्याइतका वेळही डॉक्टरला मिळत नाही. तपासणी लिहून देणे त्यापेक्षा सोपे आणि झटपट होते.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या मोफत सेवेने काही अंतर कापले आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीसह वीस भाषांत समुपदेशकांशी बोलता येते. २०२५ पर्यंत तिने वीस लाख कॉल्सचा टप्पा ओलांडला. मात्र फोनवरून थायरॉइड तपासता येत नाही आणि पोट दाबून पाहता येत नाही. फोननंतर जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणी, औषध आणि पाठपुरावा मिळाला तरच ही साखळी पूर्ण होते.

दोन वेगळ्या दारांची किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी मरण पावतात आणि त्याचे मोठे कारण टाळता येण्याजोगे शारीरिक आजार हेच आहे. काही औषधांनी वजन व साखर वाढते, तंबाखूचे प्रमाण अधिक असते आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाने ‘छातीत दुखते’ म्हटले तर त्याचे बोलणे फारसे गांभीर्याने घेतले जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना काय सांगावे?

लक्षणे कधी सुरू झाली, हळूहळू की अचानक, हे सांगावे. त्याच सुमारास घरात, कामात, शेतीत काय घडले, तेही सांगावे. झोप, भूक, वजन आणि पाळी यांतील बदल लपवू नयेत. सुरू असलेली सर्व औषधे, काढे, चूर्णे आणि दारू-तंबाखूचे खरे प्रमाण सांगावे. दरवेळी नवा डॉक्टर गाठण्यापेक्षा सगळी फाइल घेऊन एकाच डॉक्टरकडे पुन्हा जाणे फायद्याचे असते, कारण आजाराचे रूप अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत उलगडते. रक्त, साखर, थायरॉइड, ब-१२ यांसारख्या मोजक्या तपासण्या झाल्यावरही त्रास टिकून असेल, तर आणखी महागडा स्कॅन करण्याआधी ‘हे नैराश्य किंवा चिंता असू शकते का?’ असे रुग्णाने स्वतःहून विचारायला हरकत नाही.

नैराश्याच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘आठ दिवसांत फरक नाही’ म्हणून ती सोडणे किंवा बरे वाटताच मनाने बंद करणे, या दोन चुकांमुळे आजार उलटतो.

काही लक्षणांत वाट पाहू नये. छातीत पहिल्यांदाच कळ आली तर ती हृदयाचीच समजून रुग्णालय गाठावे. ‘पॅनिक’ हा शब्द ईसीजी आणि तपासणीनंतरच यावा. अचानक आलेला गोंधळ, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, पहिली फिट, तापासोबत असंबद्ध बोलणे ही तातडीची लक्षणे आहेत. ‘जगून काय उपयोग’, ‘माझं ओझं होतंय’ असे कोणी बोलत असेल, तर तेही तितकेच तातडीचे आहे. अशा माणसाला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके व औषधांचा साठा हाताशी ठेवू नये आणि ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

पुढे काय?

मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले आहे आणि दोन्ही आजार समान असल्याचे कायद्याने. ती समानता प्रत्यक्षात येईल ती तालुक्याच्या ओपीडीत. तिथल्या डॉक्टराने रिपोर्ट पाहून ‘काही नाही’ म्हणायच्या जागी ‘या तपासण्यांत काही सापडले नाही, पण तुमचा त्रास खरा आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा या’ असे म्हटले, तर रुग्णाची निम्मी वणवण थांबेल. त्यासाठी यंत्रांपेक्षा वेळ आणि मनुष्यबळ यांवर खर्च करावा लागेल. महाराष्ट्रात तो होतो का, हे पुढील काही वर्षांतील जिल्हा रुग्णालयांच्या भरतीवरून आणि औषधसाठ्यावरून कळेल.